सव्हानात वर्षानुवर्षं हवेतले कण मोजताय? मग या चुका टाळा

आमच्या स्टेशनच्या डेटात दर मंगळवारी सकाळी साडेदहाच्या आसपास ब्लॅक कार्बन, म्हणजे हवेतली काजळी, वर जायचा. पंधरा-वीस मिनिटं वर, मग परत खाली. आजूबाजूला नजर पोचेल तिथपर्यंत गवत, मधूनमधून बाभळीच्या जातीची काटेरी झाडं, वस्ती लांब, मग दर आठवड्याला त्याच वाराला धूर येणार कुठून? आमच्यातल्या एकाने तर खाणीतल्या ब्लास्टिंगचं वेळापत्रक शोधायला घेतलं होतं. शेवटी लॉगबुक उघडलं तेव्हा कळलं की मंगळवार हा आमचाच व्हिजिटचा दिवस, आणि डिझेल पिकअप आम्ही मशीनं ठेवलेल्या कंटेनरला खेटून, नेमकी वारा येतो त्या बाजूला लावत होतो. दिव्याखाली अंधार!

गाडी आता दोनशे मीटर लांब लावतो आणि उरलेलं चालत जातो. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की एका जागी दहा-बारा वर्षं कण मोजले की त्या आकड्यांत हवा जेवढी दिसते जवळपास तेवढेच आपणही दिसतो, म्हणजे आपण कधी गेलो, कुठला पंप बदलला, कुठला पाइप लांब केला, कुठल्या महिन्यात कंटाळा केला, सगळं. ट्रेंडच्या रेषेत हे दोन्ही मिसळलेलं असतं आणि ते वेगळं करता आलं नाही तर ती रेषा कशाची हे कोणी सांगू शकत नाही. खाली जे लिहिलंय ते बहुतेक या वेगळं करण्याबद्दलच आहे. उदाहरणं दक्षिण आफ्रिकेतल्या सव्हानाची आहेत, कारण मला तोच भाग माहितीये.

आधी हा भाग अवघड का ते थोडक्यात. पोचेफस्ट्रूमजवळचं वेल्गेगुंड स्टेशन घ्या, नॉर्थ-वेस्ट युनिव्हर्सिटी आणि हेलसिंकी युनिव्हर्सिटीने मिळून उभं केलेलं, मे २०१० पासून तिथे मोजणी चालू आहे (त्याआधी तोच ट्रेलर २००६ ते २००८ बोत्सालानो अभयारण्यात आणि मग २०१० पर्यंत मारिकानाला होता). पश्चिमेकडून वारा आला की कारू या कोरड्या, विरळ वस्तीच्या भागाच्या बाजूची स्वच्छ हवा, पूर्वेकडून आला की जोहान्सबर्ग-प्रिटोरिया, कारखान्यांचा व्हाल त्रिकोण आणि म्पुमालांगाच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांचा माल, उत्तरेकडून आला की प्लॅटिनमच्या भट्ट्या. त्यावर जुलै ते ऑक्टोबर वणवे, हिवाळ्याच्या (तिथे जून ते ऑगस्ट) संध्याकाळी वस्त्यांमधल्या कोळशा-लाकडाच्या शेगड्या, आणि पहिला पाऊस पडला की सगळं धुऊन साफ. एकाच स्टेशनवर एकाच आठवड्यात हवा दोन टोकांना जाऊन येते. त्यामुळे शहरातल्या स्टेशनचे नियम जसेच्या तसे इथे लावले की घोळ होतोच.

जागा "रिकामी" दिसते म्हणून निवडणे

गवताळ माळ दिसला की वाटतं इथे काय प्रदूषण असणार, टाका कंटेनर. पण नीट बघा: मातीचा रस्ता किती लांब आहे, त्यावरून आठवड्यातून किती गाड्या जातात, गुरं पाण्याला कुठल्या वाटेने जातात. कोरड्या सीझनमध्ये पन्नास गुरांचा कळप इनलेटच्या, म्हणजे हवा आत खेचणाऱ्या तोंडाच्या, वारा येतो त्या बाजूने गेला की पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) असं उडतं की वाटावं वादळ आलंय. कुंपण घातलं नाही तर गुरं मास्टच्या तारांना अंग घासतात, ते वेगळंच.

आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं ते म्हणजे फायरब्रेक, आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. दक्षिण आफ्रिकेत १९९८ च्या वेल्ड अँड फॉरेस्ट फायर कायद्याने जमीनमालकाला फायरब्रेक ठेवावाच लागतो, आणि बरेचजण तो कोरड्या सीझनच्या सुरुवातीला पट्टा जाळूनच करतात. म्हणजे तुमच्या कंटेनरपासून शंभर मीटरवर, पूर्ण कायदेशीर, एक छोटा वणवा दरवर्षी. त्या दिवसाची चोवीस तासांची सरासरी बघून "प्रादेशिक धुराचा एपिसोड" असा स्लाइडवर मथळा टाकणारे लोक मी पाहिलेत. एकदा तो मथळा मीच टाकला होता. असे तास डिलीट करू नका, लोकल फायर असा फ्लॅग लावून ठेवा, कारण पुढे कोणालातरी जवळच्या ताज्या धुराचाच अभ्यास करायचा असेल तर ते सोनं आहे.

ऑफिसातून सगळं दिसतंय असं समजणे

रिमोट लॉगिन आल्यापासून हा रोग वाढलाय. स्क्रीनवर हिरवा दिवा, फ्लो बरोबर, तापमान बरोबर, मग कशाला दीडशे किलोमीटर जायचं? उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात. मशीन स्वतःबद्दल जे सांगतं ते त्याच्या स्वतःच्या सेन्सरवरून सांगतं, आणि तो सेन्सरच सरकला असेल तर मशीन बिचारं खोटं बोलतंय हे त्याला पण माहीत नसतं.

आमचं एक बीटा गेज, म्हणजे फिल्टर टेपवर धूळ जमा करून त्यातून बीटा किरण किती अडले ते मोजणारं मशीन, दोन कोरडे सीझन हळूहळू कमी-कमी दाखवत गेलं. आम्ही खूश, हवा सुधारतेय. मग बाहेरून आणलेला फ्लोमीटर इनलेटच्या तोंडाला लावला तर तिथे आत जाणारी हवा मशीनच्या स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी. नोझलखाली टेपचा भुगा साचून कडक झाला होता, त्यामुळे नोझल टेपवर सपाट बसत नव्हतं आणि फटीतून कंटेनरमधली, एसीची, बऱ्यापैकी स्वच्छ हवा आत खेचली जात होती. मशीनला एकूण फ्लो पूर्ण दिसतोय, पण त्यातला एक भाग बाहेरचा नाहीच. साफ करायला कापूस, अल्कोहोल आणि दहा मिनिटं लागली. सुधारलेली हवा त्या दहा मिनिटांत परत बिघडली.

म्हणून लीक टेस्ट आणि स्वतंत्र मीटरने फ्लो चेक महिन्यातून एकदा तरी, आणि धुराच्या सीझनमध्ये दर दोन आठवड्यांनी. आणि चेक करताना एक शिस्त: आधी जसं आहे तसं मोजून आकडा लिहायचा, मगच साफ करायचं किंवा जुळवायचं. लोक गेल्या-गेल्या साफसफाई करतात, मग मोजतात, सगळं छान येतं, आणि मागच्या महिन्याचा डेटा किती चुकला होता हे कळायचा एकमेव पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो.

उंची विसरणे

हे वाचायला किचकट वाटेल पण इथे खरे पैसे बुडतात, जरा धीराने वाचा.

वेल्गेगुंड साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे, हायवेल्डचा, म्हणजे तिथल्या उंच गवताळ पठाराचा, बराच भाग तेवढाच किंवा त्याहून उंच. तिथे हवेचा दाब सुमारे ८५० हेक्टोपास्कल, समुद्रसपाटीला १०१३. आता एका घनमीटरमध्ये किती मायक्रोग्रॅम हे सांगायचं तर कुठला घनमीटर? तिथल्या विरळ हवेचा, की समुद्रसपाटीच्या दाबाला आणून मोजलेला? तापमान तेच धरलं तरी दोन्हींत जवळपास १९ टक्के फरक पडतो. आणि काही मशीनं २५ अंश धरतात, काही शून्य अंश. शून्य अंशाचं धरलं तर पंचवीस अंशाच्या दिवशी फरक ३० टक्क्यांपर्यंत जातो.

आता विचार करा, २०१६ मध्ये जुनं मशीन काढून नवीन बसवलं, जुनं प्रत्यक्ष दाबावर रिपोर्ट करत होतं, नवीन फॅक्टरी सेटिंगने स्टँडर्डवर, म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबावर, करतंय, आणि मेनूतली ती ओळ कोणी बघितलीच नाही. हवा तीच आहे आणि ग्राफ एका रात्रीत पाचव्या हिश्शाने वर. पाच वर्षांनी कोणीतरी त्याच्यातून ट्रेंडची रेषा काढतो आणि कारणं शोधायला लागतो.

याचाच दुसरा भाऊ म्हणजे इनलेट. पीएम १० किंवा पीएम २.५ चं हेड ठरावीक वेगाने हवा गेली तरच बरोबर आकाराला कण कापतं. मिनिटाला १६.७ लिटर हा जो आकडा आहे तो प्रत्यक्ष आकारमानाचा आहे. पंप जर स्टँडर्ड लिटरवर कंट्रोल केला असेल तर एवढ्या उंचीवर तो खरंतर मिनिटाला वीसच्या आसपास लिटर खेचतो, हेडमधून हवा जास्त जोरात जाते, आणि २.५ च्या नावाखाली तुम्ही २.५ पेक्षा बारीकच कण मोजताय. उतारा साधा आहे: सेटिंगचा मेनू उघडून प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, तारीख टाकून ठेवा, आणि डेटा फाइलमध्ये दाब-तापमानाचे कॉलम कायम ठेवा म्हणजे नंतर कुठूनही कुठेही बदलता येतं.

पाणी

पावसाळ्यात बाहेर दमट गरम हवा, कंटेनरमध्ये एसी १८ वर, आणि सॅम्पल ट्यूब मोकळी. बाहेरचा दवबिंदू १८-१९ असेल तर ट्यूबच्या आत दव धरणारच. ओले कण फुगतात, प्रकाशाचं विखुरणं वाढतं, फिल्टरवर डाग पडतात, बीटा गेज पाण्याला पण वजन समजतं. एसी २५ वर ठेवा, ट्यूबला इन्सुलेशन करा, आणि ड्रायर लावून सॅम्पलची आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवा, जागतिक हवामान संघटनेच्या ग्लोबल अॅटमॉस्फिअर वॉच नेटवर्कची शिफारसही तीच आहे. पण म्हणून हीटर सणसणीत तापवू नका, कारण लाकडा-गवताच्या धुरातले बरेच सेंद्रिय पदार्थ आणि अमोनियम नायट्रेट अर्धवट बाष्पशील असतात. जुने टीओएम (कंप पावणाऱ्या फिल्टरवर कणांचं वजन करणारी मशीनं) फिल्टर ५० अंशाला ठेवायचे, तिथे ते उडून जायचं आणि नेमक्या धुराच्या दिवशी आकडा कमी यायचा.

कण मोजणाऱ्या काउंटरमध्ये ब्युटेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी शोषून घेतं आणि हळूहळू मोजणी कमी व्हायला लागते. पावसाळ्यात ते वरचेवर काढून नवीन भरा. आणि त्याचा एक्झॉस्ट इनलेटजवळ सोडू नका, हे सांगायला लागू नये पण लागतं.

किडे, उंदीर वगैरे

पहिला मोठा पाऊस पडला की त्या संध्याकाळी वाळवीचे पंखवाले लाखोंनी बाहेर येतात. कंटेनरचा बाहेरचा दिवा चालू राहिला असेल तर सकाळी दारासमोर पंखांचा जाड थर, आणि इनलेटच्या जाळीवर पण. एकदा सकाळी पीएम १० चा फ्लो अलार्म वाजत होता, हेड उघडलं तर पाणी साचायच्या बाटलीत मेलेली वाळवी आणि तिच्यावर जेवायला आलेला एक कोळी, जिवंत, चांगला धष्टपुष्ट. दिवा बंद ठेवा, जाळी पंधरा दिवसांनी बघा. गांधीलमाशा पर्जन्यमापकात आणि एक्झॉस्टच्या पाइपात मातीची घरटी करतात. उंदीर केबल खातात, खाली स्टीलची जाळी मारा. विषय संपला.

निगेटिव्ह आकडे उडवणे

माझ्या मते डेटा क्लिनिंगमधली ही सगळ्यात महाग चूक आहे, आणि ती करणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे करतो. "वस्तुमान निगेटिव्ह कसं असेल?" म्हणतो आणि शून्याखालचं सगळं डिलीट.

पण मशीनला नॉइज असतो. पावसाळ्यात कारूच्या बाजूचा वारा असताना खरी पातळी समजा ३ मायक्रोग्रॅम आहे आणि तासाच्या मोजणीत नॉइज अधिक-उणे ५ आहे. मग चारातला एखादा तास शून्याखाली जाणारच, त्यात मशीनचा काही दोष नाही. सगळे तास ठेवले तर नॉइज एकमेकांना कापतो आणि सरासरी ३ येते. निगेटिव्ह उडवले तर सरासरी ५.३ च्या आसपास जाते. निगेटिव्हच्या जागी शून्य टाकलं तरी ३.८ येते. म्हणजे स्वच्छ हवेचे महिने तुम्ही स्वतःच्या हाताने पाऊणपट मळवले. आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची पीएम २.५ ची वार्षिक मार्गदर्शक पातळी ५ आहे, म्हणजे ३ ची हवा मर्यादेच्या आत, आणि तुमची साफ केलेली फाइल मर्यादेबाहेर.

दुष्काळात तेरावा महिना असा की ही चूक धुराच्या महिन्यांत होत नाही, कारण तेव्हा आकडे शून्याच्या जवळ जातच नाहीत. म्हणजे फक्त पावसाळा वर उचलला जातो आणि ऋतूंमधला फरक कमी दिसायला लागतो. हे असं आपोआप करणारी सेटिंग काही डेटालॉगरमध्ये आधीपासून चालू असते, ती शोधा. निगेटिव्ह ठेवायचे, फक्त नॉइजच्या कितीतरी पलीकडचे, उदाहरणार्थ उणे ४०, ते फ्लॅग करायचे. आणि सीझनमध्ये एकदा इनलेटला स्वच्छ हवेचा झीरो फिल्टर लावून दोन-तीन दिवस चालवायचं, म्हणजे मशीनचं स्वतःचं शून्य कुठे आहे ते कळतं. नाहीतर निगेटिव्ह म्हणजे नॉइज की शून्यच सरकलंय, हे कशावरून सांगणार?

गॅप म्हणजे नुसता गॅप असं समजणे

७५ टक्के डेटा असला की वर्ष पास, असा नियम बऱ्याच ठिकाणी वापरतात. सव्हानात तो फसवतो, कारण इथे डेटा कधी जातो याला पण ऋतू असतो.

उन्हाळी पावसाच्या महिन्यांत हायवेल्डवर विजा इतक्या पडतात की सर्ज प्रोटेक्टर जळणं ही नेहमीची गोष्ट, म्हणजे गॅप येतो तो स्वच्छ महिन्यांत. धुराच्या महिन्यांत फिल्टर भरतो, टेप लवकर संपते, इनलेट तुंबतं, तेव्हा गॅप येतो तो नेमका घाण हवेचा. हिशोब करून बघू. समजा नऊ महिने सरासरी ८ आणि तीन महिने ३०. खरी वार्षिक सरासरी १३.५. आता धुराच्या तीन महिन्यांतला अर्धा डेटा गेला तर उरलेल्याची सरासरी ११.१, आणि डेटा तरी ८७ टक्के, नियमाने पास. दुसऱ्या वर्षी विजेने तीन स्वच्छ महिने नेले, सरासरी १५.३, डेटा ७५ टक्के, हेही पास. हवा दोन्ही वर्षी सेम! पण कागदावर प्रदूषण एका वर्षात तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलं.

उपाय असा की आधी प्रत्येक महिन्याची सरासरी काढा, मग महिन्यांची वार्षिक. अर्धा महिना गेला तर चालतं, आख्खा महिना गेला तर वार्षिक आकडा देऊच नका, ऋतूचा द्या. आणि वर्ष जानेवारी ते डिसेंबर असलंच पाहिजे असं कोणी सांगितलंय? तिथे पावसाळा मधोमध तुटतो. मे ते एप्रिल धरलं की एक आख्खा कोरडा आणि एक आख्खा ओला सीझन मिळतो.

लोडशेडिंगची गोष्ट याच प्रकारातली. २०२२ आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ते इतकं होतं की दिवसातून दोन-तीनदा लाइट जायची. ती संध्याकाळी गेली म्हणजे वस्त्यांच्या धुराचा टोकाचा तास गेला. शिवाय लाइट आल्यावर मशीन गरम होईपर्यंतचे आकडे कचरा असतात, आणि डेटालॉगरची बॅटरी मेलेली असली तर घड्याळ थेट २००० सालात जाऊन बसतं. सगळी मशीनं एकाच घड्याळावर ठेवा, जीएमटीवर किंवा स्थानिक वेळेवर (तिथे जीएमटीपेक्षा दोन तास पुढे), पण फाइलच्या नावातच लिहा कुठलं. आणि "१४:०० चा आकडा" म्हणजे एक ते दोनचा की दोन ते तीनचा, हेही लिहा. वाऱ्याच्या दिशेशी जुळवताना एका तासाने घोडं पेंड खातं.

दुपारचा टोक म्हणजे मशीन बिघडलं

हा उलटा प्रकार. वजन मोजणारी लोकं पहिल्यांदा कणांची संख्या मोजायला लागली की घाबरतात. सूर्य उगवल्यावर काही तासांत संख्या अचानक कित्येक पट वाढते, आणि वस्तुमान जागचं हलत नाही. नॉइज म्हणून उडवून टाकतात. साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार.

हे बहुतेक वेळा खरं असतं. हवेतल्या वायूंपासून नॅनोमीटरच्या मापाचे नवीन कण तयार होतात आणि दिवसभर वाढत जातात. बोत्सालानोला असं ६९ टक्के दिवशी दिसलं, जगातल्या इतर ठिकाणांच्या मानाने हे फार जास्त आहे, आणि मारिकानाला त्याहूनही जास्त. ओळखायचं कसं: आकारानुसार मोजणी असेल तर खालच्या टोकाला सुरू होऊन वर सरकत जाणारी केळ्यासारखी वळलेली आकृती दिसते. मशीनचा दोष असेल तर सगळ्या आकारांत एकदम उडी दिसते. आणि ट्यूब विनाकारण लांब ठेवू नका, एवढे बारीक कण भिंतीला चिकटून वाटेतच संपतात.

धूर दिसला की "वणवा" लिहून टाकणे

जुलैत पीएम वाढलं, उपग्रहाच्या नकाशावर लाल ठिपके आहेत, झालं, वणवा. पण त्याच जुलैत रात्री थंडी असते, जमिनीलगत हवेचा थर झाकण लावल्यासारखा अडकतो, आणि वस्त्यांमध्ये स्वयंपाक आणि उबेसाठी कोळसा-लाकूड पेटतं. दोन्ही एकाच महिन्यांत. तास बघा: वस्तीचा धूर संध्याकाळी आणि पहाटे टोकाला जातो, लांबच्या वणव्यांचा धूर बहुतेक दुपारी, हवा खालीवर मिसळायला लागली की जमिनीवर उतरतो. फिल्टरवर लेव्होग्लुकोसन सापडलं म्हणून वणवा सिद्ध होत नाही, ते सेल्युलोज जळल्यावर येतं, मग ते गवत असो की शेगडीतलं लाकूड.

एथालोमीटरवाल्यांनो (फिल्टरवर किती प्रकाश शोषला गेला त्यावरून काजळी मोजणारं मशीन), तुमच्या स्क्रीनवर येणारा "बायोमास टक्के" हा कॉलम डोळे झाकून घेऊ नका. तो एक भाग वाहनांचा, एक भाग लाकडाचा असं मानून काढलेला असतो आणि त्यातले घातांक, म्हणजे तरंगलांबीनुसार शोषण किती बदलतं ते सांगणारे आकडे, १ आणि २, हे मुळात आल्प्सच्या खोऱ्यातल्या हिवाळी लाकडाच्या धुरावरून आलेत. सव्हानातलं वाळलेलं गवत भडकून जळतं, काजळी जास्त निघते, आणि त्याचा धूर या फॉर्म्युल्याला बराचसा डिझेलसारखा दिसतो. त्यात घरगुती कोळसा मिसळला की त्या टक्क्यांना काही अर्थ राहत नाही. सातही तरंगलांबींचा कच्चा डेटा जपून ठेवा.

मागे जाणाऱ्या ट्रॅजेक्टरीचं, म्हणजे हवा कुठून आली ते दाखवणाऱ्या रेषेचं, पण तसंच. दक्षिण आफ्रिकेवर हिवाळ्यात उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसतं आणि हवा खंडावर गोल-गोल फिरत राहते. शेवटच्या दिवशी पश्चिमेकडून आली म्हणून स्वच्छ, असं नाही, ती तीन दिवसांपूर्वी वीजकेंद्रांवरून जाऊन फिरून आलेली असू शकते. चोवीस तासांची रेषा काढून थांबू नका, चार दिवसांची तरी काढा.

स्वस्त सेन्सर

लावा, वाईट नाहीत. पण लेझरवाले स्वस्त सेन्सर दोन-अडीच मायक्रॉनच्या वरचे कण नीट बघतच नाहीत, त्यामुळे त्यांचा पीएम १० हा मोजलेला कमी आणि अंदाजलेला जास्त. रस्त्याची धूळ त्यांना जवळपास दिसत नाही, आणि दमट पहाटे मात्र दुप्पट दिसतं. चांगल्या मशीनशेजारी धुराच्या सीझनमध्ये वेगळं आणि पावसात वेगळं कॅलिब्रेशन करा.

मशीन बदललं आणि त्याच दिवशी जुनं काढलं

ट्रेंड बिघडतो तो बहुतेक इथे. दहा वर्षांत प्रत्येक मशीन एकदा तरी बदलतंच. जुनं आणि नवीन शेजारी-शेजारी किमान एक आख्खा कोरडा आणि एक आख्खा ओला सीझन चालवा. दोन आठवड्यांचा ओव्हरलॅप मार्चमध्ये घेऊन तोच फॅक्टर ऑगस्टला लावणं चुकीचंय, कारण फरक कणांच्या प्रकारावर अवलंबून असतो. ब्लॅक कार्बनला तर जास्तच: एक मशीन ६३७ नॅनोमीटरला ६.६ चौरस मीटर प्रति ग्रॅम धरून ग्रॅममध्ये बदलतं, दुसरं ८८० ला वेगळाच आकडा धरतं, आणि जुन्या एका-ठिपक्याच्या एथालोमीटरमध्ये ठिपका भरत जाईल तसं वाचन घसरतं आणि टेप सरकली की उडी मारतं, करवतीच्या दातांसारखं.

ट्रेंड काढताना पहिलं आणि शेवटचं वर्ष कुठलं आहे ते बघा. पाऊस चांगला झाला की गवत उंच वाढतं आणि पुढच्या कोरड्या सीझनला जळायला जास्त इंधन, दुष्काळ पडला की जळायलाच काही नसतं. मालिका दुष्काळाच्या वर्षी सुरू झाली आणि ओल्या वर्षानंतर संपली तर धुराचा "वाढता ट्रेंड" फुकटात मिळतो. महिनावार सीझनल केंडॉल आणि थील-सेन (ट्रेंड तपासायच्या आणि त्याचा उतार काढायच्या संख्याशास्त्रीय पद्धती) वापरा, दोन्ही टोकांची दोन-दोन वर्षं काढून परत चालवा, उतार टिकतो का बघा. आणि २०२० वेगळं ठेवा. २७ मार्चला लॉकडाऊन लागलं तेव्हा गाड्या आणि कारखाने थंडावले हे खरं, पण बऱ्याच स्टेशनांवर फिल्टर बदलायला पण कोणी जाऊ शकत नव्हतं, आणि त्याच सुमारास ओला सीझन संपत होता. त्या घसरणीतलं कोणाचं किती, हे तुमचं लॉगबुकच सांगेल.

लॉगबुक कागदाचं ठेवा, कंटेनरमध्ये दोरीने बांधलेलं, पेन्सिलसकट, कारण पेन उन्हाळ्यात वाळतं. तारीख, वेळ, कोण आलं, आधीचा फ्लो, नंतरचा फ्लो, गाडी कुठे लावली, गवत किती उंच आहे, क्षितिजावर धूर दिसतोय का आणि कुठल्या दिशेला. पान भरलं की फोटो. दाराच्या आतल्या बाजूला शेजारच्या शेतकऱ्याचा नंबर, आणि त्याच्याकडे तुमचा, म्हणजे फायरब्रेक जाळायच्या आदल्या संध्याकाळी तो फोन करेल. आमचा करतो. गेल्या वेळी म्हणाला, उद्या सकाळी नऊला पेटवतोय, वारा तुमच्या बाजूचा आहे, पाहिजे तर दोन दिवस थांबतो. आम्ही म्हटलं थांबू नकोस, आम्ही नवीन फिल्टर लावून बसतो.